खडी वाहणाऱ्या यानाचा दसरा

अणदूरच्या महालिंगप्पांनी एकतीस वर्षं ठोकलेल्या गाड्या न ठोकल्यासारख्या करून दिल्या. सोलापूर-हैदराबाद रस्त्याला लागून त्यांचं पत्र्याचं शेड होतं. त्यावर पाटी नव्हती. दार गेलेली जीप किंवा नाक गेलेला टेम्पो बाहेर उभा असायचा, तीच पाटी. गिऱ्हाईक कुठलंही असो, मागणी एकच असायची. काही झालंय हे कळता कामा नये. महालिंगप्पा मान हलवायचे, तारीख सांगायचे, आणि त्या तारखेला गाडी अशी उभी करायचे की जणू तिला कुणी कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

या कामानं त्यांच्या तळहाताला एक खोड लागली. कुठलीही गाडी दिसली की तो पत्र्यावरून फिरायचा. मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नात नवरदेवाची सजवलेली गाडी मांडवाच्या तोंडाशी आली. महालिंगप्पांनी सवयीनं तळहात फिरवला आणि म्हणाले, "मागलं डावं दार दुसऱ्या गाडीचं हाय." गाडी नवी म्हणून सांगितली होती. लग्न झालं, पण तासभर उशिरा. तेव्हापासून नात्यात कुणाचं कार्य निघालं की हरणाबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, आधी निरोप यायचा. अप्पांना घेऊन या, पण हात खिशात ठेवायला सांगा. महालिंगप्पा तसे हात खिशात ठेवून अनेक लग्नं जेवले.

साठीच्या आतच त्यांची छाती वाजायला लागली. सोलापूरच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला.

"किती गाड्या रंगवल्या?"

"मोजल्या न्हायत."

"छातीनं मोजल्यात," डॉक्टर म्हणाले.

रंगाची गन बंद झाली. शेड पंक्चरवाल्याला दिलं. महालिंगप्पा घरी बसले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी घरातल्या लोखंडी कपाटाचं दार घासायला काढलं. हरणाबाईंनी पुण्याला फोन लावला. तिथं त्यांची मुलगी हर्षाली कॉम्प्युटरच्या कंपनीत कामाला आहे. "तुझ्या अप्पाला कायतरी दे बाई," त्या म्हणाल्या, "न्हायतर घरातल्या भिंती उतरवतेल."

हर्षालीनं एक खोकं पाठवलं. त्यावर अंतराळात चाललेल्या एका मालवाहू यानाचं चित्र होतं. आत प्लॅस्टिकचे चारशेबारा तुकडे होते. ते जोडले की हातभर लांबीचं यान होणार होतं, खऱ्याच्या एकास एकशे चव्वेचाळीस मापाचं. खरं यान कुठंच नव्हतं, पण माप होतं. माहितीचा कागद जपानी भाषेत होता. महालिंगप्पांनी तो घडी घालून ठेवला. त्यांनी आयुष्यात कुठलीच गाडी कागद वाचून उघडली नव्हती.

यान त्यांनी तसंच केलं जशा ते गाड्या करायचे. जोडांमध्ये लांबी, म्हणजे फटी बुजवायची पुट्टी, भरली, घासली, परत भरली. पेनाएवढी गन मागवली, तोंडाला फडकं बांधलं आणि अंगणात बसून रंगाचे चौदा हात दिले. वर चकाकी आणणारं कंपाउंड लावून मऊ कापडानं आठवडाभर पुसलं. शेवटी यानाच्या पोटात स्वतःचं तोंड दिसायला लागलं. आरसा हाताशी नसला की हरणाबाई त्यात बघून कुंकू लावायच्या.

गेल्या वर्षी, दसऱ्यानंतरच्या रविवारी, पुण्यात असल्या यानांचं प्रदर्शन होतं. महालिंगप्पा यान मांडीवर घेऊन एसटीनं गेले. हॉलच्या मध्यभागी मोठी टेबलं होती. दाराजवळ एक बुटकं टेबल होतं, ते लहान मुलांसाठी. मांडणी बघणाऱ्या मुलीचं नाव समृद्धी होतं, तसं तिच्या गळ्यातल्या पट्टीवर लिहिलेलं होतं. तिनं यान दोन्ही हातांनी घेतलं, सगळ्या बाजूंनी पाहिलं आणि बुटक्या टेबलावर ठेवलं. एका बाजूला हिरवा डायनासोर होता, दुसऱ्या बाजूला आगीचा बंब.

"इथं?" महालिंगप्पांनी विचारलं.

"काका, काम फारच सफाईदार आहे," समृद्धी म्हणाली. तिला वाईट वाटत होतं हे दिसत होतं. "पण हे कुठे जाऊन आल्यासारखं वाटत नाही."

महालिंगप्पा मोठ्या टेबलांकडे गेले. हात खिशात घालून, कंबरेत वाकून ते दोन तास बघत राहिले. तिथली सगळी यानं मळलेली होती. काजळी होती, गंज होता, तेलाचे ओघळ होते, रंगाचे पोपडे उडाले होते. आणि तो सगळा मळ कुणीतरी बसून, कुंचल्यानं, मुद्दाम लावलेला होता. प्रत्येक धुराड्याच्या मागंच काजळी होती, पुढं नव्हती. प्रत्येक ओघळ एखाद्या नटापासूनच सुरू होत होता. मळ खोटा होता, पण चुकीचा नव्हता.

परत आल्यावर त्यांनी ही गोष्ट एकट्या श्रीमंत ड्रायव्हरांना सांगितली. श्रीमंत म्हणजे त्यांचे शेजारी. सत्तावीस वर्षं त्यांनी दहा चाकी ट्रक चालवला होता. आता गुडघ्यांमुळे ओट्यावर बसून दुसऱ्यांचे ट्रक बघत.

"अरं म्हालिंगा," श्रीमंत म्हणाले, "आपल्या अणदूरचा खंडोबासुद्धा वरसातनं एकदा नळदुर्गाला जाऊन येतो. तुझं यान कुठंच गेलं न्हाय म्हणजे काय? अंतराळातलं हाय ना ते?"

"पुढल्या वर्षी मोठ्या टेबलावर ठिवायचंय," महालिंगप्पा म्हणाले. ते असं म्हणाले, जसं गिऱ्हाइकाला गाडीची तारीख सांगत असत. एकतीस वर्षांत त्यांची दिलेली तारीख चुकलेली नव्हती.

ज्येष्ठात त्यांनी काम सुरू केलं. पहिल्यांदा चकाकी उतरवायची होती. त्यांनी दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवला आणि यानावर ठेवला. मग उचलला. चहा घेतला. परत ठेवला. पहिला ओरखडा काढायला त्यांना दुपार लागली. एका डोळ्यात पाणी आलं होतं, ते त्यांनी कंपाउंडच्या वासामुळं आलं असं सांगितलं. कंपाउंडचा डबा बंद होता.

चकाकी गेल्यावर मळवायचं होतं. या कामाला इंग्रजी शब्द होता, तो फोनवरच्या व्हिडिओत गोरे लोक सारखा म्हणत. महालिंगप्पांनी त्याला मळवणं म्हटलं आणि तोच शब्द घरात रुळला. शेजारच्या बायका विचारायच्या, अप्पा काय करतेत? हरणाबाई पीठ मळता मळता सांगायच्या, "ते बी मळवतेत."

पण मळवायचं कसं? महालिंगप्पांनी आयुष्यभर मळ काढला होता, लावला कधीच नव्हता. तो कुठं बसतो हे त्यांना माहीत होतं. का बसतो हे श्रीमंतांना माहीत होतं. म्हणून यान एका सकाळी श्रीमंतांच्या ओट्यावर गेलं.

"हे कुठनं कुठं जातं?" श्रीमंतांनी पहिल्यांदा विचारलं.

"ठाव न्हाय. कागद जपानीत हाय."

"मग मळ कसा लावशील? मुंबईची गाडी येगळी मळती, विजापूरची येगळी. माल काय भरतेत?"

दोघांनी खोक्यावरचं चित्र पाहिलं. यानाच्या पोटात चौकोनी हौदे होते, वरून उघडे.

"खडी," श्रीमंत म्हणाले.

"अंतराळात खडी?"

"तिकडं दुसरं हाय काय? सगळे दगडच फिरतेत म्हणं."

हे महालिंगप्पांना पटलं. खडीची गाडी म्हटल्यावर बाकीचं आपोआप ठरलं. हौद्याच्या काठावर रंग उडालेला पाहिजे, कारण भरणाऱ्या मशीनचं बकेट तिथंच आपटतं. तोही एकाच बाजूचा, कारण भरणारा रोज त्याच बाजूनं येतो. मागच्या फळीला पोचे पाहिजेत. ड्रायव्हरच्या दाराजवळ हातभर पत्रा गुळगुळीत पाहिजे, कारण चढताना तो तिथंच हात लावतो. "डाव्या हातानं," श्रीमंतांनी सांगितलं, "उजव्यात डबा असतोय."

एका मुद्द्यावर मात्र दोघांचं चार दिवस जमलं नाही. श्रीमंतांचं म्हणणं, धूळ मागून चढते. गाडी पुढं पळते, मागं वाऱ्याचा भोवरा होतो, तो धूळ उचलून मागच्या फळीवर मारतो. महालिंगप्पांनी हर्षालीला विचारलं. ती म्हणाली, अप्पा, तिथं वारा नसतो.

"वारं न्हाय म्हणती," त्यांनी येऊन सांगितलं.

श्रीमंतांनी रस्त्यावरच्या ट्रकच्या चाकांकडं बोट केलं. "मग हवा कुठं भरतेत?"

"कशात?"

"टायरात."

"टायर न्हायत ह्याला."

"मग बरोबर हाय," श्रीमंत म्हणाले. पण मागच्या फळीवर धूळ पाहिजेच, यावरून ते हटले नाहीत. शेवटी ठरलं, की खडी भरतात तिथं वारं असतं.

श्रीमंतांची आणखी एक इच्छा होती. यानाच्या मागं दृष्ट लागू नये म्हणून एक जुनी चप्पल टांगावी. महालिंगप्पांनी हिशोब केला, त्या मापात चप्पल ज्वारीच्या दाण्याच्या निम्मी येत होती. त्यांनी काळ्या रबराची एक कोरली. ती सतरंजीवर पडली आणि पुन्हा दिसली नाही.

मातीनं त्यांना जास्त छळलं. बांधावरची काळी माती आणून त्यांनी तशीच लावली, तर प्रत्येक कण यानावर बैलाएवढा दिसायला लागला. मग ती कुटली. हरणाबाईंनी घरचा खलबत्ता दिला नाही, म्हणून वेगळा आणला. कुटलेली माती मलमलीच्या फडक्यातून तीनदा गाळली. विटेची भुकटी केली. तव्याच्या पाठीवरची काजळी सुरीनं खरवडली. चुना, राख, उकळून आटवलेला चहा, असं दहाबारा वाट्यांतून मांडून ते रोज सकाळी नऊला बसायचे. कुंचल्याला तीन केस ठेवलेले असायचे. एक ओघळ काढायचा, तो वाळेपर्यंत बघत बसायचं. आवडला नाही तर ओल्या बोटानं पुसायचं. एखाद्या दिवशी दोन ओघळ व्हायचे.

संशय आला की ते रस्त्यावरच्या धाब्यावर जाऊन ट्रक बघायचे. खाली वाकायचे, तेलाच्या टाकीखालचा डाग किती लांब गेलाय ते वितीनं मोजायचे. आठवडाभरात ट्रकवाले तिथं गाड्या लावेनात. आरटीओचा माणूस बसतो, अशी बोलवा झाली. धाबेवाल्यानं हात जोडले. मग महालिंगप्पा लांबूनच बघायला लागले.

भाद्रपदात यान तयार झालं. श्रीमंतांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "ह्यात बसायला न्हाय बाबा मी तयार." महालिंगप्पांना याहून मोठी शाबासकी नको होती.

फक्त शेवटचा हात राहिला होता. सगळ्या मळावर मॅट क्लिअरचा, म्हणजे बिनचकाकीच्या पारदर्शक रंगाचा, एक पातळ हात द्यायचा असतो. तो दिला की मळ पक्का होतो. तोवर तो नुसता बसलेला असतो, बोट फिरवलं तर निघतो. पण क्लिअर दमट हवेत मारला तर पांढरट झाक येते. आणि यंदा भाद्रपद संपत येईपर्यंत आभाळ उघडलं नाही. महालिंगप्पा रोज अंगणात येऊन वर बघायचे आणि आत जायचे. यान मधल्या खोलीच्या फळीवर वाट बघत होतं.

पितृपक्षाच्या शेवटाला एका सकाळी लख्ख ऊन पडलं. ते ऊन घरात दोघांनीही पाहिलं. महालिंगप्पांनी क्लिअरचा डबा उघडला, तर तो आत आळून खडा झालेला होता. नवा आणायला ते नऊच्या गाडीनं सोलापूरला गेले. हरणाबाईंनी दसरा काढायला घेतला.

घट बसायच्या आधी आमच्याकडं घरोघरी दसरा काढतात. म्हणजे घरातल्या झाडून सगळ्या वस्तू बाहेर काढायच्या, धुवायच्या, उन्हात टाकायच्या. गोधड्या, डबे, पाट, देवाची भांडी, माळ्यावरचे हंडे, भिंतीवरचं घड्याळ. फळ्या पुसायच्या, भिंती झाडायच्या, जमीन धुवायची. घरात एक वस्तू जरी बिनधुतली राहिली, तरी दसरा निघाला असं म्हणता येत नाही. हरणाबाईंनी लग्न झाल्यापासून छत्तीस दसरे काढले होते. त्यांत एकही वस्तू चुकली नव्हती.

महालिंगप्पा दुपारी तीनला क्लिअरचा डबा पिशवीत घेऊन आले. अंगणभर वाळत घातलेलं होतं. तांब्याची घागर आणि शेगडी यांच्या मध्ये, गोधडीच्या घडीवर, यान होतं. त्यातून पाणी निथळत होतं.

महालिंगप्पा उन्हात उभे राहिले. पिशवी हातातच होती.

"हे धुतलं?" त्यांनी विचारलं.

"सगळंच धुतलं," हरणाबाई दारातून म्हणाल्या. पदर खोचलेला, हाताला निरमा. "फळीवर एकटंच कसं ठिवायचं?"

"चार महिने लागले हुते."

"व्हय की. चार महिन्यांचा मळ. तासभर घासत हुते." त्या जवळ आल्या आणि यानाच्या पाठीवरच्या तारा दाखवायला लागल्या. "दात घासायच्या जुन्या ब्रशनं धुतलंय. बघा, एक बी काडी मोडली न्हाय."

महालिंगप्पांनी तारा मोजल्या. अकराच्या अकरा होत्या. स्वतः काम करताना त्यांच्या हातून दोन मोडल्या होत्या आणि परत चिकटवाव्या लागल्या होत्या. ते आत गेले, हात धुतले आणि जेवायला बसले. तीन भाकरी खाल्ल्या. हरणाबाई वाढता वाढता त्यांच्या तोंडाकडं बघत होत्या. चौथी भाकरी वाढताना त्यांना कळलं.

"ते पुण्याला न्यायचं तसंच न्यायचं हुतं व्हय?" त्यांनी हळूच विचारलं. "मळकंच?"

"व्हय."

"मला वाटलं, मळवून बघतेत. पुण्याला नेताना धूनच न्याल." त्यांनी भाकरीची दुरडी झाकली. "बाहेरगावी जाताना मळकं कोण जातंय?"

महालिंगप्पांनी चौथी भाकरी कुस्करली.

प्रदर्शनाला पंधरा दिवस होते. चार महिन्यांचं काम पंधरा दिवसांत होणार नव्हतं, पण काहीतरी झालं असतं. त्यांनी वाट्या परत मांडायला काढल्या. हरणाबाईंनी हात आडवा केला. दसरा निघाल्यावर घरात माती-काजळी आणायची नाही. घट उठेपर्यंत नाही.

"घटाला माती चालती ना?" महालिंगप्पा म्हणाले.

"ती देवीची."

"ही बी त्याच बांधावरची हाय."

"आणि तव्याची काजळी कुठल्या देवाची?"

महालिंगप्पांनी वाट्या पत्र्याच्या पेटीत ठेवल्या. अमावस्या झाली, घट बसले. आठ दिवस ते यानासमोरून ये-जा करत राहिले, पण त्याच्याकडं पाहिलं नाही. हर्षालीचा फोन आला. आईनं यान धुतलं हे ऐकून ती आधी हसली, मग म्हणाली, "अप्पा, पुढच्या वर्षी नेऊ." त्यांनी फोन हरणाबाईंना दिला. श्रीमंतांनी विचारलं, तारीख चुकणार का? महालिंगप्पा अंगठ्यानं ओट्याची कड घासत राहिले. प्रदर्शनाच्या रविवारी मोठ्या टेबलावर यान नसणार आणि बुटक्या टेबलावरही नसणार, एवढंच त्यांना दिसत होतं.

खंडेनवमीला रस्त्यावर सगळे ट्रक धुतात. धाब्यामागं विहिरीची मोटर आहे, तिथं सकाळपासून रांग लागते. श्रीमंतांचा पुतण्या बालाजी खडीचा ट्रक चालवतो. तो गाडी धुवून, झेंडूचा हार घालून काकांना दाखवायला घेऊन आला. महालिंगप्पा ओट्यावर होते. ट्रक समोर येऊन उभा राहिला आणि त्यांचा तळहात सवयीनं पत्र्याकडं गेला.

गाडी चकचकीत नव्हती. ती धुतलेली होती. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांच्या एकतीस वर्षांत कधी लक्षात आलं नव्हतं. त्यांच्याकडून गाडी जायची ती नवी होऊन. ही नवी नव्हती. सपाट पत्र्यावरचा मळ गेला होता, पण नटांच्या मुळाशी राहिला होता. पट्ट्यांच्या फटीत खडीची पांढरी भुकटी दगडासारखी बसली होती. पाण्याची नळी जिथवर पोचली तिथवर एक फिकट रेघ होती आणि तिच्यावर जुनी धूळ तशीच होती. बंपरच्या कोपऱ्यात गेल्या वर्षीच्या कुंकवाचा तांबूस डाग होता, त्यावर यंदाचं ताजं कुंकू.

"चांगली धुतली का न्हाय, अप्पा?" बालाजीनं विचारलं.

"न्हाय," महालिंगप्पा म्हणाले. "लई चांगली."

ते उठले आणि घरी आले. यान खिडकीत नेलं. चष्मा लावला.

हरणाबाईंनी ते भांड्यासारखं घासलं होतं, वरून खाली, पुढून मागं. पाठीवरचा मळ गेला होता, पण ब्रश वळला नाही त्या प्रत्येक फटीत तो राहिला होता. तव्याची काजळी निघता निघता पाण्याबरोबर खाली वाहिली होती आणि बाजूच्या पत्र्यांवर करड्या रेघा सोडून गेली होती. इतक्या बारीक रेघा तीन केसांच्या कुंचल्यानंसुद्धा आल्या नसत्या. हौद्याच्या काठावरचे ओरखडे तसेच होते. दाराजवळचा गुळगुळीत पत्रा आणखी गुळगुळीत झाला होता. पोटाखाली, जिथं हरणाबाईंनी धुताना डाव्या हातात यान धरलं होतं, तिथं चार लांबट डाग मळलेलेच राहिले होते. आणि नाकावर, अगदी बारीक, कुंकवाचं एक बोट होतं. ते कधी लावलं, हे त्यांनी विचारलं नाही.

महालिंगप्पांनी कुंचला घेतला नाही. बाहेर ऊन कोरडं होतं. त्यांनी तोंडाला फडकं बांधलं, यान अंगणात नेलं आणि मॅट क्लिअरचा एक हात दिला. मग तो वाळेपर्यंत त्याच्याजवळ बसून राहिले. हरणाबाई आतून विचारत होत्या, "आता काय लावताय?"

"काय न्हाय," ते म्हणाले. "हाय तेच धरून ठिवतोय."

रविवारी पुण्याला दोघंही गेले. हरणाबाईंना लेकीला भेटायचं होतं, ती हॉलवरच आली होती. हॉल तोच होता, मोठी टेबलं तीच होती, बुटकं टेबलही दाराजवळ होतं. समृद्धीनं महालिंगप्पांना ओळखलं. यानाला ओळखायला तिला वेळ लागला.

"काका, हे मागच्या वर्षीचंच?"

"व्हय."

तिनं फोनचा उजेड लावला आणि यानाच्या बाजूनं हळूहळू फिरवला. मग म्हणाली, "हे धुतलंय."

महालिंगप्पांनी हात खिशात घातले.

"म्हणजे हे लोक यान धुतात," समृद्धी म्हणाली. ती त्यांच्याशी बोलत नव्हती, यानाशी बोलत होती. "कामावर असतं, मळतं, मग कुणीतरी हातानं धुतं. घाईत. आणि परत कामावर जातं. इथे सगळे मळवतात आणि तिथेच थांबतात." तिनं यान उचलून खालून पाहिलं. "हे चार डाग? धक्क्याला लागल्यावर पकडतात तिथले का?"

"तिथं धरलेलं हुतं," महालिंगप्पा म्हणाले. यात खोटं काही नव्हतं.

समृद्धीनं वहीत लिहिलं, पकडीच्या खुणा. मग ती यान घेऊन चालायला लागली. बुटक्या टेबलाजवळून ती पुढं गेली. मधल्या टेबलाशी थांबली, तिथल्या दोन अंतराळ-युद्धनौका बाजूला सरकवल्या आणि मध्ये जागा केली. महालिंगप्पांना एक पुठ्ठ्याचं कार्ड दिलं. त्यावर नाव आणि कामाची माहिती लिहायची होती. त्यांनी बराच विचार करून लिहिलं. जोडणी, रंग व मळ: महालिंगप्पा, अणदूर. धुणं: हरणाबाई. लोक येऊन वाचत होते आणि हसत होते. महालिंगप्पांना त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. शेडमध्येसुद्धा ज्यानं जे केलं त्याचं नाव ते सांगत असत.

हरणाबाई तोवर सगळी टेबलं फिरून आल्या होत्या. पन्नाससाठ यानं त्यांनी एकेक करून पाहिली होती आणि त्यांचं तोंड गंभीर झालं होतं. त्या परत येऊन आपल्या यानाशेजारी उभ्या राहिल्या. बाजूला एक मोठी गंजलेली युद्धनौका होती. तिच्यामागं चष्मेवाला, दाढीवाला इंजिनियर खुर्ची टाकून बसला होता.

"हे तुमचं?" हरणाबाईंनी विचारलं.

"हो, मावशी. दोन वर्षं लागली."

"घरी कोण कोण असतंय?"

"मी एकटाच."

"तरीच," हरणाबाई म्हणाल्या. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि पदराचं टोक तर्जनीला गुंडाळलं.

इंजिनियरनं दोन्ही हात नौकेवर ठेवले. त्यानंतर हॉल बंद होईपर्यंत तो तिथून हलला नाही. दुपारी हर्षालीनं त्याला वडापाव आणून दिला. तोही त्यानं एका हातानं खाल्ला.